दुसरा हात उशिरा धरतो

दुर्बीणरावांनी काचेची नळी मऊ फडक्याने पुन्हा पुसली, खिडकीच्या उजेडासमोर धरून आत बुडबुडा नाही ना ते पाहिलं, आणि झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं तशी ती प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या पोलरिमीटरमध्ये ठेवली. मग ते वाकले. एक डोळा मिटून, दुसरा भिंगाला लावून, चकती हळूहळू फिरवत ते इतका वेळ तसेच राहिले की शेजारी उभ्या असलेल्या बाईंना त्यांच्या शर्टाची विरलेली कॉलर पाठ झाली.

"सांगा ना," बाई म्हणाल्या.

"जरा दम धरा. परवाच्या मालावर तुमचा विश्वास नाही, कालच्यावर नाही. माझ्या डोळ्यावर तरी ठेवा."

"डोळ्याबद्दल कोण काय म्हणतंय?"

"मग ऐका." ते कमरेवर हात ठेवून सरळ झाले. जन्मभर त्या नळीला डोळा लावून बसल्यामुळे त्यांना दुर्बीणराव नाव पडलं होतं, आणि खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल अशी थट्टा चाले. "प्रकाश जेमतेम वळलाय. माल दोन्ही हातांचा आहे, बाई. याही वेळी."

बाईंनी मान हलवली. नळीकडे त्यांनी पाहिलं नाही. आपल्या तळहातांकडे पाहिलं, आणि कुणी पाहत नाहीसं बघून ते कोटाच्या खिशात घातले.

त्या बनवत होत्या त्या औषधाचे रेणू माणसाच्या हातांसारखे होते. एक डावा, एक उजवा. आरशातल्यासारखे हुबेहूब, आणि तरी एकाचा हातमोजा दुसऱ्याला न बसणारे. ज्यांचे हात थरथरतात, घोट घेण्याआधीच कप डचमळतो, चालता चालता पाऊल जमिनीला चिकटून बसतं, त्यांच्यासाठी ते औषध होतं. डावा रेणू शरीरात किल्लीसारखा फिरे. उजवा नुसता आत जाऊन बसे आणि मळमळ, चक्कर असले नसते उद्योग करून ठेवी. दोघांना ओळखायचं ते प्रकाशाने. नळीत डावे असले की प्रकाश एका अंगाला वळे, उजवे असले की दुसऱ्या. दोघे सारखेच मिसळलेले असले की एकाने वळवलेलं दुसरा सरळ करी, आणि वाटेत जणू कुणी भेटलंच नाही असा प्रकाश तसाच्या तसा बाहेर पडे.

जुनी रीत अशी, की दोन्ही बनवायचे, मग निवडत बसायचं आणि उजवे फेकून द्यायचे. म्हणून औषध महाग, आणि ज्यांना हवं त्यांतल्या थोड्यांनाच मिळणारं. बाईंनी ऐन उमेदीची वर्षं घालून वेगळी रीत काढली होती. तिच्यात उजवे होतच नसत. चिमूटभर रोडियम धातू, तोही पिवळ्या क्षाराच्या रूपात, आणि त्याच्या जोडीला एक पांढरी पूड, जिचा प्रत्येक रेणू स्वतःच एका हाताचा. ही पूड रोडियमला बिलगली की त्याच्याभोवतीची जागा अशी अडचणीची होई, की तिथे येणाऱ्याला एकाच अंगाने वळून बसावं लागे. अरुंद जिन्यावरून कपाट चढवताना हमाल ते एकाच बाजूने फिरवतात ना, तसं. मग कच्चा माल घालायचा, दाबाच्या पोलादी भांड्यात हायड्रोजन सोडायचा, आणि सकाळपर्यंत हजारो, लाखो, मोजदाद नाही इतके डावे तयार. रोडियम जसा होता तसा. स्वतः न बदलता जगाला वळण लावणारा.

गोम एवढीच होती की ही कृती फक्त बाईंच्या हातून साधे. कागदावर पायरी न् पायरी लिहिलेली होती. त्या कागदावरून इतरांनी करून पाहिलं, बाईंच्याच चंबूत, बाईंच्याच डब्यातली पूड घेऊन. त्यांचा माल मिसळीचा निघे. बाईंनी केलं की निखळ डावा.

"हातगुण," दुर्बीणराव म्हणत. "शास्त्रात याला उत्तर नाही."

पुढे पुढे तो हातगुण सगळ्या इमारतीत गाजला. वरच्या मजल्यावरचे लोक आपले रुसलेले चंबू घेऊन खाली येत.

"बाई, नुसता हात लावा हो."

"मी काय मांत्रिक आहे?" बाई म्हणत, आणि हात लावत. खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडे. साध्या घरातून आलेली, वर्गात कायम मागच्या बाकावर बसलेली मुलगी. तिच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत होते.

आणि आता तो गुण गेला होता. आई गेली, बाई काही दिवसांनी कामावर परतल्या, आणि पहिल्याच खेपेपासून माल मिसळीचा येऊ लागला. त्यांनी नवा क्षार मागवला. चंबू पुन्हा पुन्हा धुऊन, तापवून कोरडे केले. आधी कामात जे लक्ष घालत त्याच्या दुप्पट घालू लागल्या. पूड द्रावणात सोडल्यापासून भांड्याचं झाकण लागेपर्यंत त्या टेबलाजवळून हलतसुद्धा नव्हत्या. उपयोग शून्य. शास्त्र शिकलेल्या बाईने असं मनात आणू नये हे त्यांना कळत होतं. तरी आंघोळीच्या वेळी, भांडी घासताना, बसच्या दांडीला धरलेल्या आपल्या बोटांकडे पाहताना त्यांना वाटे, आईने जाताना हे सोबत नेलं.

साहेब माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी बाईंना बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि तो निवेपर्यंत चमच्याने ढवळत राहिले.

"सोमवारी मोठ्या मंडळींची बैठक आहे," मग ते म्हणाले. "मी तुमच्या बाजूने किती दिवस किल्ला लढवू? एका माणसाच्या हातावर कारखाना चालत नाही असं ते आधीच म्हणत होते. आता तर त्या हातानेही होत नाही."

"नाही झालं तर?"

"नाही झालं तर जुनी रीत. दोन्ही बनवा, अर्धे फेका. तुमच्या सामानाचं कपाट बंद करून वर चिठ्ठी लावू." त्यांनी कप पुढे सरकवला. "बाई, तुम्ही दमलाय. घरात असं काही घडल्यावर माणूस दमतो."

"मी दमले नाहीये," बाई म्हणाल्या. त्यांच्या कपातला चहा तसाच होता.

त्या रात्री त्यांना स्वप्न पडलं. त्या एका लांबलचक ओसरीवर उभ्या होत्या आणि समोरच्या दाराबाहेर रांग लागली होती. रांगेत सगळे उजवे. कसे दिसत होते ते सांगता येणार नाही. पण उजवे आहेत हे स्वप्नात पक्कं ठाऊक होतं. स्वच्छ कपडे घातलेले, केस नीट विंचरलेले, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखे शांत. त्यांच्यातला सगळ्यांत पुढचा अदबीने म्हणाला, आम्ही थांबतो, आम्हाला काही घाई नाही. आतून आईचा आवाज आला, अगं, त्यांना बसायला तरी सांग. बाई वळून पाहायला गेल्या तर दार दुसऱ्या बाजूला होतं, खिडक्या उलट्या उघडत होत्या, आणि घर आपलंच असून त्यांना त्यात वाट सापडेना.

आई असंच म्हणायची. ते दिवस तबकडीच्या फोनचे. प्रयोगशाळेबाहेर, मधल्या बोळातल्या कोनाड्यात एक काळा फोन होता. तो सगळ्या मजल्याचा. दुपार कलली की बाई चंबूत पिवळं द्रावण घेत, त्यात पांढरी पूड सोडत, ते क्षणात नारिंगी होई. मग हात धुऊन त्या कोनाड्यात जात आणि आईला फोन लावत. त्याच सुमाराला आई दुपारच्या झोपेतून उठलेली असे, आणि उठल्या उठल्या एकट्या घरात तिला करमत नसे. आई लांब, दुसऱ्या गावी. ऐकायला कमी येई, म्हणून एकेक गोष्ट दोनदा सांगावी लागे. आणि तिला स्वतःला सांगायचं असे ते तीनदा.

"काय केलंस आज?"

"तेच, आई. डावे."

"आणि उजवे?"

"उजवे होऊ द्यायचे नाहीत."

"अगोबाई! का म्हणून? त्यांनी कुणाचं घोडं मारलंय?"

"अगं, ते औषधाच्या कामाचे नाहीत."

"असं तुम्ही म्हणता. त्यांना विचारलंत का कधी?"

मग शेजारणीच्या सुनेची गोष्ट, मग गळक्या नळाची, मग लहानपणी तू कशी हट्टाने उलटे बूट घालून फिरायचीस त्याची. फोनच्या रांगेत उभे असलेले लोक घड्याळाकडे पाहत, सुस्कारे टाकत. आईचं संपलं की बाई परत येऊन कच्चा माल घालत, सगळं पोलादी भांड्यात ओतून ते बंद करत आणि घरी जात. इतकी वर्षं हा क्रम चालला की त्याला कुणी क्रम म्हणत नसे. ते काम नव्हतंच. काम थांबवून केलेली गोष्ट होती.

बैठकीच्या आधीच्या आठवड्यात बाईंनी अखेरची म्हणून एक खेप मांडली. पुन्हा तेच पिवळं, तेच पांढरं, तोच रंग. त्या समईच्या केशरी ज्योतीसारख्या रंगाकडे पाहत कच्च्या मालाची बाटली त्यांनी हातात घेतली होती, बूचसुद्धा काढलं होतं, तेवढ्यात बोळातून कुणीतरी ओरडलं, "बाई, तुमचा फोन!"

बाईंच्या हातातलं बूच खाली पडलं. त्या वेळेला त्यांच्याशी फोनवर बोलणारं जगात कुणी उरलेलं नव्हतं. बाटली टेबलावर ठेवून, हात न धुताच त्या कोनाड्याकडे गेल्या. चालत गेल्या, पण पोचल्या तेव्हा धाप लागलेली होती.

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारतेस? मी आहे." ताईचा आवाज. थोरल्या बहिणीशी त्यांचं बोलणं गेल्या कित्येक वर्षांत निरोपापुरतं होतं. भांडण असं नव्हतं. कुणीतरी दार ओढून घेतलं होतं आणि आधी कुणी उघडायचं ते ठरत नव्हतं.

"काय झालं?"

"काही झालं नाही. म्हटलं, या वेळेला तू फोनवर सापडतेस. आई सांगायची. मी आईच्या घरी आलेय. घर रिकामं करायचंय. एकटीच बसलेय इथे, सगळ्या पसाऱ्यात. धाकटे, एक विचारू का? तू हातमोज्यांच्या कारखान्यात कधीपासून आहेस?"

"काय?"

"अगं, इथे सगळी गल्ली मला तेच विचारतेय. धाकटी हातमोजे बनवते ना, नुसते डावेच बनवते म्हणे. पलीकडचे आजोबा मला थांबवून म्हणाले, उजव्यांचा कारखाना कुठे आहे ते तिला विचारून ठेव, म्हणजे जोडी होईल."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाळ भिंतीला टेकवलं. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि ते हसणं आहे हे त्यांना स्वतःलाही थोड्या वेळाने कळलं. पलीकडे ताईही हसत होती, नाक ओढत, अडखळत. आईचं हसणं तिच्या घशात अगदी जसंच्या तसं होतं.

"तुझ्याशी रोज बोलायची," ताई म्हणाली. "माझ्याशी आठवड्यातून एकदा. आणि त्यातही निम्मं तुझंच."

"माझ्याशी बोलताना निम्मं तुझं असायचं."

"खोटं."

"तुझी कंबर, तुझा जावई, तुझ्या दारातला खड्डा. तो बुजवला का गं अखेर?"

"बुजवला. आईला सांगायचं राहिलं."

मग दोघी बोलत राहिल्या. काय काय ठेवायचं, काय द्यायचं, आईची उशी कुणी घ्यायची यावर थोडी जुनी कुरबूर, त्यातून पुन्हा हसणं. बोळातलं ऊन भिंतीवरून सरकत कोपऱ्यात गेलं. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. बाई परतल्या तेव्हा चंबू होता तिथेच होता, आणि उघडी बाटली पाहून त्यांना स्वतःचाच राग आला. इतका निष्काळजीपणा त्यांच्याकडून कधी झाला नव्हता. आता फुकटच, म्हणत त्यांनी माल घातला, झाकण आवळलं आणि त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुर्बीणराव भिंगापासून उठले, चष्मा पुसला, पुन्हा बसले. नळी काढून दुसरी घातली. मग त्यांनी खुर्ची मागे ओढून बाईंना जागा करून दिली.

बाई वाकल्या. आतल्या पिवळसर गोलाचे दोन अर्धे, एक उजळ, एक अंधारा. चकती फिरवत, फिरवत, अजून फिरवत न्यावी तेव्हा कुठे दोन्ही सारखे झाले. प्रकाश पुरता वळला होता.

"आला की हात परत!" दुर्बीणराव इतक्या जोरात म्हणाले की वरच्या मजल्यावरचे दोघे जिन्यात येऊन उभे राहिले. "मी म्हणत नव्हतो? हातगुण असा कुठे जातो? रुसतो फक्त."

सगळे हसले. बाईंना कुणीतरी चहा आणून दिला. त्या तो हातात धरून बसल्या, आणि दुर्बीणरावांनी दोनदा हाक मारली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्या उघड्या दारातून बोळाकडे पाहत होत्या.

त्याच दुपारी त्यांनी दोन चंबू घेतले. एका डब्यातली पूड, एका बाटलीतलं द्रावण, दोन्हीकडे सारखं. पहिल्यात रंग येताच कच्चा माल घातला आणि ते भांड्यात ओतून बंद करून टाकलं. दुसऱ्याला हात लावला नाही. स्टूल ओढून त्या समोर बसल्या, हात मांडीवर ठेवून.

या वेळात इतकी वर्षं त्या इथे कधी नसत. खोली त्यांना अनोळखी वाटली. उन्हाची तिरीप बाटल्यांच्या रांगेतून येऊन भिंतीवर हिरवे, तपकिरी, पाणेरी डाग पाडत होती, आणि ते डाग श्वास घेतल्यासारखे लहानमोठे होत होते. नळातून मधूनच थेंब पडे. चंबूत काही म्हणजे काही घडताना दिसत नव्हतं. नारिंगी होतं ते नारिंगीच होतं. बोळातला फोन वाजला, कुणीतरी घेतला, कुणीतरी कुणाला तरी रागावलं. बाई उठल्या नाहीत. त्यांचे ओठ एकदोनदा हलले. एकदा त्यांनी मान तिरकी केली, पलीकडचं नीट ऐकू येत नसलं की करत तशी. ऊन कोपऱ्यात पोचलं तेव्हा त्या उठल्या आणि माल घातला.

दुसऱ्या दिवशी दुर्बीणरावांनी दोन नळ्या पाहिल्या. पहिल्यात दोन्ही हात. दुसऱ्यात निखळ डावे.

"हात तर तुमचाच होता," ते गोंधळून म्हणाले. "दोन्हीकडे."

"हो," बाई म्हणाल्या.

साहेबांच्या खोलीत त्या स्वतःहून गेल्या. साहेब खुशीत होते; खबर त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"बसा, बसा! मी बैठकीत काय सांगणार आहे ठाऊक आहे? बाईंना निवृत्तीनंतरही सोडायचं नाही. मोठं भांडं चालवायचं तर बाईंचा हात पाहिजे. पुढची पाच-सात वर्षं तरी तुमची सुटका नाही."

बाईंना बसायला सांगितलेली खुर्ची खिडकीपाशी होती. बाहेर कुणी सायकल पुसत होतं. एवढंच करायचं होतं: मान डोलवायची आणि चहा प्यायचा.

"साहेब, हात नाही लागत," त्या म्हणाल्या. "कागदात एक ओळ घालायची राहिलीय. पूड टाकल्यावर अर्धा-पाऊण तास थांबायचं. मगच माल घालायचा. कुणीही करू शकेल."

"पण रंग तर लगेच येतो."

"येतो ना. त्यानेच आपण फसलो. त्या पुडीच्या रेणूला रोडियमला धरायला दोन हात आहेत. एक लगेच धरतो, त्याने रंग येतो. दुसरा उशिरा धरतो. तो धरेपर्यंत जागा अर्धी उघडी असते, कुणीही कसंही येऊन बसतं. घाई केली की मिसळ."

"आणि इतक्या वर्षांत हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

"मी तिथे नसायची."

"म्हणजे?"

"त्या वेळात. मी तिथे नसायची."

"मग कुठे असायचात?"

"फोनवर."

साहेब मोठ्याने हसले. हसता हसता त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू मधेच आवरून समोरचे कागद उगाच सारखे केले.

"पाच-सात वर्षांचं मग मला सांगता येणार नाही त्यांना," ते हळू आवाजात म्हणाले.

"नाहीच सांगता येणार," बाई म्हणाल्या.

वरच्या मजल्यावरून चंबू येणं त्या आठवड्यात बंद झालं. मुद्दाम कुणी बंद केलं नाही. एकटे दुर्बीणराव रागावले होते.

"सांगायची काय गरज होती? माणसाला एखादी गोष्ट तशीच ठेवता येत नाही का?"

"औषध ठेवून देऊ का तसंच?"

"औषधाचं नाही म्हणत मी," ते पुटपुटले, आणि पुसलेली नळी पुन्हा पुसू लागले.

बैठकीने एक खेप मंजूर केली. मोठ्या भांड्यात, कारखान्याच्या लांब छपराखाली, बाईंनी हात न लावता. यशस्वी झाली तर रीत कायमची. नाही तर कपाट बंद. त्या दिवशी बाई पांढरा कोट घालून कठड्यापाशी उभ्या राहिल्या. पोलादी भांडं दोन माणसं उंच होतं. त्याच्याभोवतीच्या चौघांचा म्होरक्या वस्ताद म्हणून ओळखला जाई. उरलेल्यांत झडप सांभाळणारा एक मुनी होता, दिवसभरात चार शब्द बोलला तर तीन जास्त झाले असं वाटणारा.

वस्तादाने पूड सोडली, भांड्याला बसवलेल्या काचेच्या डोळ्यातून आत पाहिलं. "रंग आला, बाई. आता?"

"आता थांबायचं."

"काय बघायचं?"

"बघण्यासारखं काही होत नाही."

"मग करायचं काय?" वस्ताद खरोखरच अडचणीत पडला. "आमची माणसं हातात काम नसलं की बावरतात हो. एखादं चाक तरी फिरवू द्या."

"चाक नको. बोला काहीतरी."

चौघे एकमेकांकडे पाहू लागले. बोला म्हटल्यावर कुणाला काही सुचेना. एकाने पावसापाण्याचं काढलं, ते दोन वाक्यांत संपलं. दुसऱ्याने वस्तादाच्या मिशीवरून टोमणा मारला, तो वस्तादाने तिथेच जिरवला. मग बराच वेळ फक्त भांड्याची घरघर. वरच्या झरोक्यातून उजेड खाली उतरत होता आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती.

"आमच्या गावाला पूल होता," मुनी म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. तो झडपेकडे पाहत बोलत होता.

"लहान असताना मी आणि माझा भाऊ त्याच्यावर उभे राहायचो. खाली पाण्याकडे टक लावली, की थोड्या वेळानं पाणी थांबतं आणि पूल चालायला लागतो. तुम्ही बघितलंय का कधी? आम्हाला वाटायचं, मोठ्यांना हे ठाऊक नाही. पूल रोज थोडा थोडा जातोय. तर एके दिवशी आम्ही ठरवलं, जायचं याच्याबरोबर. कपड्यांचं गाठोडं बांधलं. आईला सांगितलं नाही. पहाटे जाऊन कठड्याला धरून उभे राहिलो. भाऊ म्हणाला, डोळे हलवू नकोस, नाही तर थांबेल. आम्ही बघत राहिलो, बघत राहिलो. आणि मग पूल निघाला..."

"बाई," वस्ताद घड्याळ पाहत म्हणाला, "वेळ झाली. माल सोडू का?"

मुनीचे कान लाल झाले होते. इतकं बोलून गेल्याचं आता त्याच्या ध्यानात आलं. त्याने झडपेचं चाक धरलं. काच लावलेल्या डोळ्यातून आतला केशरी उजेड त्याच्या मनगटावर पडला होता.

बाईंनी भांड्याच्या अंगावर तळहात ठेवला. पोलाद कोमट होतं.

"उशीर झाल्यानं काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं होऊ दे." आणि मुनीकडे वळून, मान किंचित तिरकी करून त्यांनी विचारलं, "मग? कुठवर गेला तुमचा पूल?"